वाल्मीकला न सापडलेलं बटण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी नाशिकमध्ये मोठ्या वेबसाइटचा कोड लिहिते. तो नियमात बसवायचा असतो. म्हणजे ज्याला दिसत नाही, त्यालाही कॉम्प्युटरनं पान वाचून दाखवावं, त्याचं काम व्हावं. यावर मी कॉलेजांत भाषणंही देते. मुलं टाळ्या वाजवतात. त्यांना कुठं माहीत आहे — मी काय करून बसलेय ते?

एका मोठ्या हॉस्पिटलची साइट होती. काम द्यायची तारीख तोंडावर आलेली. डॉक्टरांची वेळ घ्यायच्या बटणावर तपासणीचं सॉफ्टवेअर सारखी चूक दाखवत होतं. नीट दुरुस्तीला दोन दिवस गेले असते. मी कोडमध्ये एक शब्द टाकला — आणि पडद्यावर दिसणारं ते बटण वाचून दाखवणाऱ्या आवाजापासून लपवलं. चूक दिसेनाशी झाली. अहवाल स्वच्छ.

मग वाल्मीक आला. लासलगावकडचा, जन्मापासून अंध. अशा साइट तपासायला आम्ही त्यालाच बोलवायचो. हेडफोन लावून अर्धा तास तो तेच पान पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मॅडम, इथं बटणच नाय."

आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं — हो, मी लपवलंय. काय जड होतं त्यात? मी म्हणाले, "बटण आहे, सर. यांना नवीन सॉफ्टवेअर अजून नीट जमत नाही."

वाल्मीकनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग हळूच म्हणाला, "असंल. माझंच चुकत असंल."

त्याला पुन्हा बोलावलं नाही. आठ महिन्यांनी मी ते बटण गुपचूप नीट केलं. नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. तोवर किती जण त्या पानापर्यंत येऊन, आपलंच चुकतंय म्हणून परत गेले — कोण जाणे.

गेल्या महिन्यात बसस्टँडवर तो माझ्या शेजारीच उभा होता. कुणीतरी जवळ आहे एवढं त्याला कळलं असावं. "लासलगावची गाडी लागली का हो?"

गाडी समोरच होती. पण तो माणूस आवाजावरून ओळखतो. मी तोंड उघडलं नाही. पाय न वाजवता बाजूला झाले. मी होते त्या दिशेला चेहरा करून तो उत्तराची वाट बघत राहिला —

गाडी निघून गेली.