सर्व्हरवर भाजलेला राब

बायको जाऊन वर्ष उलटलं. तिचं घर मी जाळलं ते त्यानंतर. कैनाडचं आमचं खरं घर जाग्यावर आहे. जळलं ते संगणकातलं. पण जळलं माझ्याच हाताने, म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस, जमेल तसं लिहीन.

आम्हाला एकच मुलगी, तलासरीला दिलेली. नाक्यावर तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बायकोचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला लागली, तेव्हा मुलीने दुकानातला जुना संगणक आणून खाटेपाशी लावला आणि आईला एक खेळ शिकवला. खेळात माणूस रिकाम्या हाताने जंगलात सोडलेला असतो. त्याने लाकूड तोडायचं, आग पेटवायची, खायला मिळवायचं, जनावरांपासून जीव वाचवायचा, घर बांधायचं. जंगल एकच, पण आपापल्या घरून पाच-सहा जण त्यात एकदम फिरतात. ते जंगल ज्या यंत्रावर चालतं त्याला सर्व्हर म्हणतात. तो मुलीच्या दुकानात मागच्या टेबलाखाली असतो.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मायलेकी खेळायच्या. माझ्या भावाचा मुलगा तलासरीकडे कारखान्यात आहे, तोही शिफ्ट सुटली की यायचा. मी शेतावरून आलो की ओरडायचो, “इथे बांधावर गवत माजलंय आणि तू तिथे कसली झाडं लावतेस?”

ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, “इथल्या बांधावर मला चालता येतं का?”

पुढे ती गेली. हाडाने नाही, छातीने.

दिवसकार्य उरकल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, आईचं घर आहे तिथे. बघायचं तर बघा.” आत शिरायचं ते बायकोच्याच नावाने. त्यामुळे पडद्यावर जी बाई चालते ती तिचीच, लाल कपड्यातली. मी बटण दाबलं की ती पुढे जायची. पेंढ्याने शाकारलेलं घर, बाजूला शेताचा तुकडा, दारावर लाकडी पाटी. पाटीवर तिने लिहिलेलं, ‘चपला बाहेर’. त्या जंगलात कोणाच्या पायात चपला होत्या कोण जाणे. त्या दिवसापासून मी रोज आत शिरू लागलो.

तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. सर्व्हरला सेटिंग असतात, भलंमोठं पान. माणसाने माणसाला मारलं तर लागावं का. मेल्यावर सामान जावं की राहावं. जनावरं किती, पीक किती दिवसांत, भूक किती वेळाने. मालक फिरकला नाही तर घर आपोआप मोडावं का. पुतण्याने कारखान्यातले चार मित्र आणले होते, त्यांना मारामारी हवी. मुलीला नुसतं हिंडायला आणि बांधायला आवडतं. मला यातलं काहीच नको, मला फक्त तिचं घर उभं पाहिजे. जंगल एक आणि तोंडं तीन दिशांना.

घर मोडायची सेटिंग बंद करून घ्यायला मी दोन गाड्या बदलून तलासरीला गेलो आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभा राहिलो. “बंद केल्याशिवाय हलणार नाही.” मुलीने बंद केली. मग तिने तोडगा काढला. जंगलातल्या नदीच्या अलीकडे, आईच्या घराच्या बाजूला मारामारी नाही, पलीकडे काय ते करा. पुतण्याने त्याच्या बदल्यात पीक हळू करून घेतलं.

“काका, सगळं आयतं मिळालं तर पोरं खेळत नाहीत,” तो म्हणाला.

“आणि भूक? दोन पावलं चाललं की पोट रिकामं. ती पण तूच वाढवलीस ना?”

“ती पहिल्यापासून तशीच आहे.”

माझा विश्वास बसला नाही. मी त्याला दोन शिव्या घातल्या. तो म्हणाला, “घाला, काकू होती तेव्हा वर जेवण तरी मिळायचं, आता नुसत्याच मिळतायत.”

पीक हळू झालं आणि तिचं शेत पिवळं पडलं. मी मुलीला फोनवर फोन केले. शेवटी ती वैतागली. “बाबा, दारात रांग लागलीय माझ्या. हा घ्या पासवर्ड, तुम्हीच बघा पान. पण मला विचारल्याशिवाय काही दाबू नका.”

मी ते पान एकेक अक्षर लावत वाचलं. खाली एक ओळ होती, आग पसरणे, बंद. ती वाचली आणि मला वाटलं, सापडलं. आमच्याकडे राब भाजल्याशिवाय भाताचं रोप करत नाहीत. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, पाला, काटक्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि जाळायचं. मग पाऊस आला की त्यात भात फेकायचा. पन्नास वर्षं मी राब भाजले, कधी बांधाबाहेर ठिणगी गेली नाही. मनात म्हटलं, इथे आगच बांधून ठेवलीय, तर पीक येणार कुठून?

मी ‘चालू’ दाबलं.

अडाण्यासारखं नाही केलं. कडेचं गवत हातभर कापून जमीन उघडी केली, कारण राबाला तसंच करतात. मग पेटवलं. खऱ्या राबाची आग जमिनीला धरून सरकते आणि कडेला येऊन मरते. ही आग उडाली. उघड्या जमिनीवरून उडी मारून थेट पेंढ्यावर गेली. मी बटणं दाबत होतो आणि लाल कपड्यातली बाई आगीभोवती नुसती फिरत होती. तिच्या हातात पाण्याचं भांडं कसं द्यायचं तेही मला माहीत नव्हतं. छप्पर गेलं, भिंती गेल्या. पाटी सगळ्यात शेवटी गेली.

मी मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “दर सोमवारची एक नक्कल मी ठेवते. ती परत लावली की घर येईल. पण सोमवारनंतर ज्याने जे बांधलं ते सगळं जाईल. तुमच्या पुतण्याला तुम्ही विचारा. मी नाही विचारणार.”

शनिवार होता. पुतण्या घरीच आला आणि अंगणात उभा राहिला.

“काका, नदीपलीकडे माझा किल्ला पडला तेव्हा तुम्ही काय बोलला होतात?”

“काय?”

“खेळ आहे, त्यात काय रडायचं.”

“बोललो असेन.”

“बोललात.” तो खाली बसला. “माझं काय, काकूच्या घरासाठी मी कधीही तयार आहे. पण त्या चौघांनी पाच दिवस शिफ्ट करून आल्यावर भिंत बांधलीय. ते नाही म्हणतायत.”

“मग त्यांना हाकल.”

“काका, ते पण माणसंच आहेत ना?”

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

शेवटी मुलीने फॉर्म भरायच्या दोन संगणकांपैकी एक दुसरा सर्व्हर म्हणून काढून दिला. जळालेलं जंगल पोरांना, सोमवारचं आम्हाला. ती म्हणाली, “याला आईच्या वेळच्या सेटिंग लावते. मारामारी बंद, आग बंद, जनावरं कमी, पीक लवकर, भूक दुप्पट.”

“भूक दुप्पट? ती कशाला?”

“आईनेच करायला लावली होती. म्हणाली, भूक नाही लागली तर माझ्या दारात येणार कोण?”



घर परत आलं, पाटीसकट. पण त्या जंगलात मी एकटा. आठवडाभर लाल बाई घराभोवती फेऱ्या मारत होती. मी पुतण्याला फोन केला. “ये.”

“तिथे मारामारी नाही, येऊन काय करू?”

“जेवायला ये.”

तो आला, लांबून चालत, भुकेने वाकलेला. चुलीवर भांडं होतं, शेतात पीक होतं, पण भांड्यात काय घालायचं आणि कुठलं बटण दाबायचं ते मला येईना. घरी तरी कुठे येतं? मुलगी डबा पाठवते. मी शोधत राहिलो आणि पुतण्याचा माणूस उंबऱ्यात कोसळून मेला.

फोनवर तो हसला. “काकू असती तर...”

“रविवारी परत ये,” मी म्हटलं आणि मुलीला फोन लावला. चुलीचं बटण कुठलं ते तिच्याकडून लिहून घेतलं. रविवारी तो उंबऱ्यापर्यंत जिवंत पोचला आणि जेवला. करपलं होतं, असं पडद्यावर लिहून आलं. त्याने तक्रार केली. मी म्हटलं, “मिळतंय ते गिळ.”