ड्रोन कुणाच्या घरी गेला?

आधी माझ्या अकलेचा एक जुना नमुना देते. माजलगावचं धरण होणार म्हणून सरकारी माणसं माझ्या माहेरच्या गावात आली आणि घराघराच्या भिंतीवर चुन्यानं नंबर टाकून गेली. मी तेव्हा पहिलटकरीण, बाळंतपणाला आलेली. आई नंबर बघून रडायला लागली. मी तिला म्हणाले, "कावून रडतीस? पाणी काय पायऱ्या चढून येतंय का आपल्या घरात? असल्या अफवांवर इस्वास ठिवायचा न्हाई. तू आपली भुई सारव." लेक सातवी पास, म्हणजे तिचंच खरं असणार! आईनं बिचारीनं भुई सारवली. पुढं ती भुई, ते घर, ते गाव... सगळं पाण्याखाली.

तर अशी मी शहाणी. डोळ्यांसमोर येणाऱ्या धरणावर जिनं विश्वास ठेवला नाही, ती भुताखेतांवर काय ठेवणार? लिंबू-मिरची, उतारा, अंगात येणं... जन्मभर हसत आले. आजही हसते. म्हणून खालचं वाचून कुणी 'आजी, तुमच्यावर देवीची कृपा आहे' असलं काही लिहू नका. मला राग आलाय, आणि तो अजून उतरलेला नाही.

आमचं गाव माजलगाव तालुक्यात, जिल्हा बीड. धरणाचा फुगवटा जिथं संपतो त्याच्या वरच्या अंगाला. सगळा ऊस. घरात मी आणि सून सुनीता. लेक ट्रकवर असतो, घरी कमी. आमच्या महिला बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला तेव्हा ट्रेनिंगला जायला एक बाई पुढं येईना. सुनीता गेली. परीक्षा देऊन, लायसन घेऊन आली. "बाईमाणसाला जमंल का?" म्हणून दात काढणारे गडी नंतर "वहिनी, आमच्या उसाला कवा येता?" म्हणत दारात उभे राहायला लागले. ही पोरगी लग्न होऊन आली तेव्हा मान वर करून बोलत नव्हती. ड्रोन हातात आल्यापासून चालायची पद्धतच बदलली तिची. मला बघायला लई आवडायचं.

गटाची अध्यक्ष मंगल. माझ्यापेक्षा बरीच लहान, पण बोलणं तहसीलदारासारखं. तिच्या दिराचा पोरगा बाळू. त्याचा ड्रोनवर पहिल्यापासून डोळा. त्याला परीक्षा नको, ट्रेनिंग नको, नुसता रिमोट पाहिजे.

त्या दिवशी मी सुनीताबरोबर रानात गेलते. मे महिना, सकाळची वेळ. मी तिची असिस्टंट, म्हणजे पाण्याची बाटली धरायची आणि तोंड चालू ठेवायचं. ड्रोन उसावर ये-जा करत फवारत होता. आता रिमोट म्हणजे नुसती बटणं नसतात, त्याला पाटीसारखी काच असते आणि काचेत रान दिसतं. त्यात एका कोपऱ्यात घराचं चित्र. मी विचारलं, "अगं, ह्याच्यात घर कावून काढलंय?"

"आत्या, काही चुकलं-माकलं, सिग्नल गेला, तर ड्रोन आपला आपण घरी येतो. जिथून उडाला ती जागा म्हंजे त्याचं घर."

"बाईच्या जातीला अशी सोय असती तर! चुकलं-माकलं की घरी!" मी म्हणाले. "पण बाईचं घर कंचं धरायचं गं त्यानं? सासर का माहेर?"

सुनीता हसायला लागली. मी त्या चित्रावर बोट ठेवलं — "हे का घर?"

"आत्या, बोट काढा! काचेला हात लावू नका म्हणून किती येळा सांगितलंय?"

मी काढलं. हे सगळं खरं लिहितेय, बोट लागल्याचंही. लपवायचं असतं तर लिहायलाच बसले नसते.

थोड्याच वेळात रिमोट किंचाळायला लागला. सुनीता म्हणाली, "सिग्नल गेला. काही न्हाई, येईल आता घरी." ड्रोन उसावरून सरळ वर चढला, जागेवर वळला... आणि आमच्याकडं पाठ करून निघून गेला. बाभळींच्या रांगेपलीकडं दिसेनासा झाला. आवाज तेवढा जरा वेळ येत राहिला, मग तोही नाही.

बाभळींच्या पलीकडं आणखी ऊसच. म्हणून सगळे धरून चालले की तो उसात पडला. निम्मं गाव उसात शिरलं. दिवस मावळेपर्यंत पाचटानं हातपाय कापून घेतले, ड्रोन नाही. मंगलच्या दारात माणसं जमली तेव्हा बाळूनं बोलायला सुरुवात केली.

"पडला असता तर गावला असता. गावंना, म्हंजे पडलाच न्हाई." मग सुनीताकडं बघून, "वहिनी, धर्मापुरीला फवारणी लई जोरात चालंल बगा आता."

धर्मापुरी सुनीताचं माहेर. चार माणसं हसली. बाई काही हरवून बसली की ते माहेरी गेलं असणार, हे आमच्याकडं लोकांना आईच्या दुधातूनच कळतं!

सुनीता म्हणाली, "सिग्नल गेला तरी ड्रोनमधल्या सिमवरून रिमोटमधी उड्डाणाचं सगळं रेकॉर्ड येतं. कुठं गेला, कुठं उतरला. मला बघू द्या."

रिमोट बाळूनं शोधाशोध सुरू व्हायच्या आधीच ताब्यात घेतला होता. चौकशीसाठी म्हणे. "चोराच्याच हातात कुलूप द्यायचं का?" तो म्हणाला. मंगल म्हणाली, "ड्रोन गावला तरी आता बाळूच उडवंल. गटाचं ठरलंय." कधी ठरलं? मी गटाची मेंबर, मला कुणी विचारलं?

सुनीता घरी येऊन भिंतीला टेकून बसली. जेवली नाही, रडली नाही. "माझं चुकलं न्हाई आत्या," एवढंच दोनदा म्हणाली. तिची मान परत खाली गेलेली बघितली आणि माझं डोकं सटकलं.

सकाळी मंगलचं घर गाठलं.

"मंगल, ते रिमोटचं डबडं दाव."

"काकू, ती गटाची मालमत्ता हाय."

"मी गटात हाय का न्हाई?"

"हाव की."

"मग माझी मालमत्ता मला बघू दे."

तिनं आणून दिलं. मी ते मांडीवर घेतलं, वर पदर टाकला, तिनं केलेला चहा पिले, चहाचं कौतुक केलं आणि पदरासकट उठले.

"काकू, कुठं न्यायलाव?"

"जरा ऊन दावून आणते."

बाळू आडवा आला. "ओ आजी!"

"धर मला," मी म्हणाले. "धर की! म्हातारीच्या पदराला हात घाल भर रस्त्यात. काल सुनंचा तमाशा बघितला लोकांनी, आज सासूचा बघतील." बाजूला झाला मुकाट.

घरी सुनीतानं रेकॉर्ड उघडलं. काचेवर आमचं रान, त्यात ड्रोनच्या सरळ रेघा, नांगराच्या तासांसारख्या. शेवटच्या तासातून एक रेघ फुटून निघाली होती. ती उसात थांबलीच नव्हती. ऊस ओलांडून, उतार उतरून पार निळ्यात गेली होती. नकाशातलं चित्र धरण भरलेलं असतानाचं, म्हणून निळं.

"आत्या, हा चुकलाच न्हाई," सुनीता हळूच म्हणाली. "हा घरीच गेलाय. पण घराची खूण आपल्या बांधावर न्हाई... हितं हाय. पाण्यात."

माझ्या मनात उगं एक शंका आली आणि ती मी माझ्या जुन्या अकलेनं दाबून टाकली.

सुनीताच्या स्कूटीवर मागं बसून निघालो. आमच्या मागं मोटरसायकलवर बाळू आणि मंगल. चोरी पकडायला आलते ना! उन्हाळ्यात पाणी लांब मागं जातं. उरते ती भेगाळलेली काळी माती, शिंपले, आणि बुडालेल्या गावाची जोती. भिंती नाहीत, छप्परं नाहीत, नुसत्या दगडांच्या चौकटी. गाव बुडाल्यापासून मी तिथं कधी गेले नव्हते. गाव उठल्यावर भाऊ परभणीकडं गेले, आता तेही नाहीत. दगडांकडं बघून कुठलं घर कुणाचं ते मला सांगता आलं नसतं.

रेकॉर्डातल्या खुणेजवळ पोचलो. ड्रोन एका जोत्यावर उभा होता. चारी पाय सरळ, पंखाला खरचटलेलं नाही, टाकीत औषध तसंच. आणि त्याच्या पायांच्या मधोमध जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. उखळ कुठल्याही घरात असतं. पण ह्या उखळाला खेटून एक पिल्लू उखळ होतं, वाटीएवढं.

ते माझ्या वडिलांनी माझ्यासाठी बसवलेलं. आई कांडायला बसली की मीही तिथंच कांडायचे — माती, चिंचोके, हाताला लागेल ते.

मी खाली बसले.

"आत्या, काय होतंय? कुणाचं घर हाय हे?"

"माझं," मी म्हणाले.

मागं बाळूनं मोटरसायकल बंद केली होती.

मग मला दिसलं की आजूबाजूच्या सगळ्या जोत्यांवर गाळाचा थर होता आणि ही भुई तेवढी स्वच्छ, झाडल्यासारखी. सुनीता म्हणाली, पंख्यांच्या वाऱ्यानं उडाला असेल गाळ. असेल. मीही तेच म्हणते.

पण तिनं तिथंच रेकॉर्डचा शेवट पुन्हा बघितला आणि मला दाखवला. ड्रोन सरळ येऊन घरावर उतरला नव्हता. घराच्या उगवतीला, जोत्याच्या जरा अलीकडं येऊन तो खाली आला आणि हवेत थांबून राहिला. मग थोडासा पुढं सरकला आणि उतरला.

"थांबला कावून?" मी विचारलं.

"समोर काही आडवं आलं तर थांबतो, आत्या. पण हितं तर काहीच न्हाई."

काही नव्हतंच. पण उगवतीला आमचं दार होतं. लेक माहेरी आली की तिला उंबऱ्याबाहेर थांबवतात. आतून कुणीतरी भाकरतुकडा आणि पाणी घेऊन येतं, तिच्यावरून ओवाळून टाकतं, आणि मग म्हणतं, ये. सुनीतानं मला ते थांबणं परत परत दाखवलं. तेवढाच वेळ होता तो. भाकरी मोडून आणायला लागतो तेवढाच.

मी हे तिथं कुणाला बोलले नाही. इथं पहिल्यांदा लिहितेय.

ड्रोनच्या कंपनीतल्या पोराला सुनीतानं फोन लावला. तो म्हणाला, "आजीचं बोट लागून होम पॉइंट बदलला असेल." मी फोन हिसकावला. म्हणाले, "बाळा, बोट लागलं, मला मान्य हाय. पण त्या बोटाला माझ्या माहेराचा पत्ता कुणी दिला?" सुनीतानं नंतर करून बघितलं. तिथं नुसतं बोट लावून काही होत नाही. नकाशा पार लांब ओढत न्यावा लागतो, बोट दाबून धरावं लागतं, मग ते 'नक्की का?' असं विचारतं, त्याला होय म्हणावं लागतं. एवढं करेपर्यंत सुनीतानं माझा हात तोडून ठेवला असता! आणि थांबला कशासाठी, असं विचारलं तर पोरगा म्हणाला, "सेन्सर चेक करावा लागेल, आजी." बरेच दिवस झाले. सेन्सर चेक झाला. सेन्सर चांगला आहे.

आता माझ्या रागाचं कारण ऐका. रेकॉर्डनं सुनीता खरी ठरली, सगळ्यांच्या देखत. एकानं तरी म्हणावं, 'पोरी, आमचं चुकलं'? नाही! बाळू गावभर सांगत सुटला, "त्याला बाधा हाय, मी हात लावणार न्हाई." म्हणून ड्रोन सुनीताकडंच राहिला. तिची परीक्षा, तिचं लायसन, उन्हातान्हातली तिची मेहनत ह्यांतल्या कशानं जे झालं नाही, ते बाळूच्या भित्रेपणानं झालं. वर काहीजण त्या जोत्यावर नारळ फोडायला आणि दगडाला शेंदूर लावायला निघाले. मी काठी घेऊन उभी राहिले. माझी आई तिथं भाकरी थापत होती, आणि तुम्ही त्याला भुताटकी म्हणता? तुमच्या माहेराला मी कधी काही म्हणाले का?

ड्रोन तिथं कसा गेला, का थांबला, मला माहीत नाही. सुनीतालाही नाही. कुणाला कळलं असेल तर कळवा, पण सेन्सर सोडून बोला.

परवा दुपारी सुनीता फवारणीला गेलेली असताना मंगल आली. तेव्हापासून आमच्या घरी तिचा पाय नव्हता. मी बस म्हणाले नाही, तरी बसली. चहा नको म्हणाली. जरा वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते —

"काकू, सुनीताला मी वाईट बोलले, ते तिच्या म्होरं येऊन सांगते. पण बाळूला कळू देऊ नका... माझं बी माहेर त्याच पाण्यात गेलंय, पल्याडच्या अंगाला. मी तवा पाळण्यात होते. मला आमचं घर कुठं हुतं ते बी ठाव न्हाई. तेवढं त्या ड्रोनला इचारता का?"