देवळापुढचे बटण

अठ्ठ्याऐंशी साली धंतोलीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. चार मशिनी, त्यांना जोडलेले चार जुने टीव्ही आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारे आमचे सर. प्रदर्शनासाठी प्रत्येकाने एक खेळ लिहायचा होता. तो चालला तरच सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असेल तरच नोकरी, एवढे मला पक्के माहीत होते.

माझ्या खेळात एक मुलगी एकटी जंगल ओलांडायची. वाटेत भेटेल त्याला प्रश्न विचारायची आणि उत्तर पटले तरच पुढे जायची. सरांनी पाच मिनिटांत नाक मुरडले. परदेशी मासिकातून त्यांनी आग ओकणारा ड्रॅगन आणला, दगडी किल्ला आणला, मुलीला हाकलून चिलखत घातलेला सरदार आणला. नागपूरच्या उन्हात चिलखत! तरी मी तोही टाइप केला. मग त्यांनाच खेळ फार विलायती वाटू लागला. "याच्यात आपलं काहीतरी टाक वं," म्हणाले. आपलं म्हणजे देऊळ. देवळापुढे आल्यावर 'एन' दाबून नमन करायचे. केले तर दार उघडणार, नाही केले तर वीज पडून सरदार ठार.

'आपलं' म्हणजे कोणाचं, हे विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, त्या देवांना पुन्हा नमन करणार नाही अशी शपथ घेतली, हे सरांना चांगलेच ठाऊक होते. मी म्हटले, सर, हे राहू द्या. ते हसले. "अवं, खेळ आहे. खेळात कायचा आला धर्म?" मग देऊळ तरी कशाला घातले? तो प्रश्न आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा मात्र तो तोंडातून निघाला नाही. नोकरी डोळ्यांपुढे होती. मी देवळाच्या ओळी टाइप केल्या.

प्रदर्शनाला वडील गिरणीतली पाळी बदलून आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सरांनीच त्यांना माझ्या मशीनपुढे बसवले. मी बटणे समजावून दिली. ड्रॅगन मेला तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. मग देऊळ आले.

"आता काय कराचं?"

"एन दाबा काका. नमन करा," सर म्हणाले.

वडिलांनी हात मागे घेतला. वीज पडली, सरदार मेला. त्यांनी खेळ पुन्हा सुरू केला आणि देवळापुढे पुन्हा हात मांडीवर ठेवला. तिसऱ्यांदाही तेच. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

"काका, नुसतं बटण तर आहे!" सर वैतागले.

"नुसतं बटन हाय, त मंग त्याच्यावाचून दार काहून नाही उघडत?" वडील शांतपणे म्हणाले. "हे लिवलं कोनं?"

सरांनी लगेच माझ्याकडे बोट दाखवले. "तुमच्या मुलीनंच. विचारा तिला."

कल्पना माझी नव्हती, हे ओरडून सांगावेसे वाटले. त्या माणसाची इतकी चीड मला पूर्वी कधी आली नव्हती. पण ओळी माझ्याच बोटांनी लिहिल्या होत्या. वडील खुर्चीतून वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. मी नाही म्हणेन, याची ते वाट पाहत होते.

"मीच लिवलं, बाबा," मी म्हणाले.