जोनच्या कुंपणातली अंडी आणि बाबांचा घास

गोव्यातलं मये गाव सोडलं त्या दिवशी टॅक्सीवाला अंगणात हॉर्नवर हॉर्न देत होता आणि बाबा मागच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, कावळ्याचा घास ठेवत होते. आधी कावळ्याला भात, मग आपलं पान, हा त्यांचा रोजचा नेम. लेक विलायतेला निघाली म्हणून तो कोण मोडणार! आई करवादली, "चेडूं वचपाक भायर सरलां, आनी तुमचें कितें चल्लां हें?" बाबा हात धुऊन आले आणि एवढंच म्हणाले, "वच गो बाये. पोटभर जेव." त्यांचा जन्म गोवामुक्तीआधीचा, पोर्तुगीज अमलातला, म्हणून मला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि तुम्हा कित्येक गोवेकरांसारखी मीही इंग्लंडमधल्या स्विंडनला येऊन पडले.

नवऱ्याला वेअरहाऊसची रात्रपाळी, मला केअर होममध्ये दिवसपाळी. पहिला हिवाळा असा गेला की या देशात पाखरं आहेत की नाहीत हेसुद्धा मी पाहिलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात बाबा गेले. मला पोचता आलं नाही. काकांच्या मुलाने सगळं केलं, मी फोनवर ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून जेवायच्या आधी मागच्या भिंतीवर भात ठेवायला लागले. इथला कावळा आपल्याकडच्यासारखा राखाडी मानेचा नव्हे, चोचीपासून शेपटीपर्यंत काळाकुट्ट आणि अंगाने दांडगा. पण भात खायचा. तो खाऊन गेला की मला जेवण जायचं. हसू नका, पण बाबा जेवून गेले असंच वाटायचं.

एप्रिलमध्ये शेजारची जोन दाराशी आली. ही निवृत्त बस ड्रायव्हर. कपडे वाळत घालतानाही गळ्यात दुर्बीण. आधी हवापाण्याचं बोलली, मग चाचरत, इथल्या बायका लाडाने म्हणतात तसं, म्हणाली, "लव्ह, तुझ्या भाताला कावळे येतात ना, ते जाता जाता माझ्या झुडपांच्या कुंपणातली पाखरांची अंडी खातात. पिल्लं उडेपर्यंत थांबशील का?" तिने पानं बाजूला करून दाखवलं. चिखलाने लिंपलेल्या वाटीएवढ्या घरट्यात ब्लॅकबर्ड नावाच्या गाणाऱ्या पाखराची निळसर, ठिपकेवाली अंडी होती. आदल्या घरट्यातली गेली होती.

मला तिचा भयंकर राग आला. माझा बाप गेलाय आणि ही मला पाखरांचं सांगते! घास बंद केला तर माझ्याकडे बाबांचं उरतं काय? आईला फोन लावून तावातावाने सगळं सांगितलं. वाटलं, ती माझी बाजू घेईल. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुजे बाबा कोणाचीं पिलां मारून जेवतले काय गो? बंद कर तें. हांव हांगा तांकां घास दवरतां."

बंद केलं. रिकामी भिंत बघवत नव्हती, म्हणून कुंपणाकडे बघायला लागले. जोनने जुनी दुर्बीण दिली. मादी अंड्यांवर बसायची आणि नर जोनच्या छपरावरच्या अँटेनावर बसून गायचा. पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडली. त्यांच्या मागे गवतात गांडुळं घेऊन धावायला बाप, आणि आई तोवर दुसऱ्या विणीच्या तयारीला. अख्खा उन्हाळा जोनने कुंपणाला कात्री लावली नाही. मयेत पडवीच्या वाशावर बुलबुल घरटं करायचा तेव्हा आम्हीही तिथला दिवा काढायचो, पिल्लं उडेपर्यंत बघत राहायचो, पण त्याला पक्षीनिरीक्षण म्हणतात हे कुणाला ठाऊक! पुढे रविवारी जोनच्या पाखरं बघणाऱ्या मंडळींबरोबर तळ्यावर जाऊ लागले. कुणी थर्मासातला चहा पुढे करायचं, कुणी उभं राहायला जागा. या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

भाद्रपदातला पितृपक्ष आला तेव्हा कुंपणात एकही घरटं उरलं नव्हतं. बाबांच्या तिथीला मी इंडियन शॉपमधल्या केळीच्या फ्रोझन पानावर वडे, खीर, भात वाढून भिंतीवर ठेवला. कावळा जोनच्या छपरावर बसून राहिला. इतक्या महिन्यांत त्याची सवय मोडली होती. खीर थंड झाली. जोन तिच्या बाजूला उभी होती, पाखरू येईपर्यंत जशी उभी राहते तशी.

आपल्याकडे कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखून त्याला शब्द देतात. बाबांचा कशात अडकला असेल हे मला कुणी सांगायला नको होतं. मी हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "बाबा, म्हजी काळजी करूं नाकात. हांव हांगा बरी आसां."

घर कुठलं, असं तुम्ही फोनवर विचारता. मये तर आहेच. पण 'मी इथे बरी आहे' असं बापाला सांगावं आणि ते खरं निघावं, ती जागाही घरच म्हणायची. कावळा पानावर उतरला तो नंतर. त्याआधीच मला कळलं होतं, मी बाबांशी खोटं बोलले नव्हते.