वैशालीचा संशय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ, दवाखाना कुडाळात. वैशाली वालावलहून यायची — नुकतीच बाळंत झालेली, झोप उडालेली. एकदा मान खाली घालून तिने सांगितलं, बाळाला तळ्यात टाकावं असा विचार येतो, आणि त्या विचाराचीच भीती वाटते. असे विचार येणाऱ्या आया मी पाहिल्यात. बाळाला जिवापाड जपतात त्या. उठताना म्हणाली, "सासरी कळूक नको हां, डॉक्टर."

मी मान हलवली.

त्याच दुपारी, अंगावर पाजणाऱ्या बाईला कुठलं औषध चालेल ते विचारायला, तिच्या केसपेपरचा फोटो मी आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकला. नाव, गाव, तो विचार — सगळं तसंच. नाव झाकायला कितीसा वेळ लागला असता? आणि तिला विचारायला? ग्रुपमध्ये तिच्या सासऱ्यांचे डॉक्टरही होते. मला माहीत नव्हतं? होतं. लक्षात आलं नाही — की आणलं नाही?

पुढच्या खेपेला ती सारखी दाराकडे बघत होती. "माका बाळाकडे एकटीक रवाक देनत नाय. सासू न्हाणीच्या दारात उभी रवता. बहिणीनच सांगल्यान. तिका सोडून आणि कोणाक म्हायत आसा?"

मला त्याच क्षणी कळलं. आणि मी काय केलं? अगदी शांत आवाजात म्हणाले, "वैशाली, असा संशय येणं हा आजाराचाच भाग असतो." वर डोस वाढवला. नको असलेला. त्याने तिला दिवसा पेंग येऊ लागली, आणि सासूला आणखी एक कारण मिळालं.

मग तिची बहीण आली. रडत. "मी कोणाक सांगूक नाय, डॉक्टर. तुमी तरी तिका सांगा." मी तिला पाणी दिलं. थोडा वेळ जाऊ दे, म्हणाले. ती गेल्यावर ग्रुपवरचा फोटो काढून टाकायला गेले — फार उशीर झाला होता, सगळ्यांकडून तो पुसला जाईना. तेव्हापासून त्या ग्रुपमधला कुणी हसून बोलला, तरी वाटतं — याला ठाऊक आहे.

बहिणी अजून बोलत नाहीत. बाळ आता शाळेत जातं. वैशाली बरी आहे. परवा शेजारणीला घेऊन आली. बिचारी पदर घट्ट धरून दारातच उभी. वैशालीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हेंका सगळा सांग गो. हयसून भायर जावचा नाय."

मी शेजारणीसाठी खुर्ची पुढे ओढली.