पाटकरी सर

तास सुरू करण्यापूर्वी सर माइकजवळ तोंड नेऊन विचारत, "शेपूट भिजलं का?" पडद्यावर चार कॉलेजांचे वर्ग दिसत असत. तिघांकडून "हो सर" येई. चौथं कॉलेज सुरगाण्याकडच्या डोंगरातलं. तिकडून उत्तर येईपर्यंत सर खुर्चीत शांत बसून राहत. एकदा पुण्याहून जोडले गेलेले एक पाहुणे प्राध्यापक या प्रश्नाने इतके गोंधळले, की त्यांना वाटलं, कुणाचं तरी जनावर वर्गात शिरलं आहे.

आमच्या नाशिकच्या कॉलेजात सर भूगोल शिकवत आणि मी ग्रंथालय सांभाळत असे. ते मूळचे बागलाणातले. त्यांच्या गावी फड होता. फड म्हणजे साऱ्या गावाचं मिळून एका पाटावर भिजणारं रान. सरांचे वडील त्या फडाचे पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणारे. पाटाच्या तोंडाशी असलेल्याला पाणी मिळतंच, म्हणून शेवटच्या वावराला, शेपटाला, आधी द्यायचं, अशी त्यांची रीत. विद्यापीठांना आणि कॉलेजांना जोडणारं संगणकांचं सामायिक जाळं आमच्याकडे आलं, तेव्हा त्याची जबाबदारी सरांकडे आली आणि ती रीतही त्यांच्याबरोबर आली. मुलांनी त्यांना 'पाटकरी सर' म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते आवडत असावं. ऐकू आलं तरी ते मागे वळून पाहत नसत.

या जाळ्याने आमचं बरंच काही बदललं. जी नियतकालिकं आमच्या ग्रंथालयाला कधीच घेता आली नसती, ती वाचता येऊ लागली. उपग्रहांनी टिपलेली चित्रं दूरच्या मोठ्या संगणकावर उलगडून इथे पाहता येऊ लागली. मला याचं अप्रूप होतं. सरांना नव्हतं. ते म्हणत, "पाणी आलं यात कसलं कौतुक? कुठवर गेलं ते सांगा."

डोंगरातल्या कॉलेजात मीरा नावाची तरुण प्राध्यापिका होती, तासिका तत्त्वावर. भूगोलातल्या सांख्यिकीचा पेपर शिकवायला तिथे कुणी नव्हतं; तो सर इथून शिकवत. आमचा तास तिथे पोचला तरच तिच्या मुलांना तो पेपर घेता येणार होता, नाहीतर वर्ग बंद. ती स्वतःही मुलांमध्ये बसून ऐके. तिचं संशोधन डोंगरातल्या आटत चाललेल्या झऱ्यांवर होतं. त्यासाठी लागणारी चित्रं सर तिला याच जाळ्यावरून काढून देत. काम अडलं की तिचा फोन येई, "सर, पुन्हा अटकलं हाय." सर अहिराणीत कुरकुरत, "काय शे हे!" आणि लगेच उठत.

अडचण अशी होती, की डोंगराची जोडणी बारीक होती. ती तुटली की सर थांबत आणि चारही वर्ग थांबत. देवळाली कॅम्पहून येणारा एक मुलगा एकदा म्हणाला, "सर, आपण पुढे जाऊ ना. ते बघतील नंतर."

"तुझी बस तुला सोडून पुढे गेली, तर ड्रायव्हरला काय म्हणतोस?"

"ते इथे नाही सांगता येणार, सर."

वर्ग हसला, सरही हसले. पण तास पुढे सरकला नाही.

शेवटी प्राचार्यांनी बैठक बोलावली. डोंगरातल्या कॉलेजाला थेट तासातून वगळावं, त्यांना रेकॉर्डिंग पाठवावं, असं ठरत आलं होतं. प्राचार्य म्हणाले, "सर, हे कॉलेज आहे, पाटबंधारे खातं नाही."

"फरक थोडाच आहे, साहेब. शेवटचा माणूस दोन्हीकडे ओरडत असतो." मग ते गंभीर झाले. "रेकॉर्डिंगला शंका विचारता येत नाही. त्यापेक्षा चित्र बंद करा, नुसता आवाज पाठवू. माझं तोंड पाहून कुणी पास झाल्याचं मला तरी आठवत नाही."

वर्षअखेरपर्यंत मुदत मिळाली. तास अडखळत राहिले, तर डोंगर वगळायचा.

त्यानंतर सर बोलून नकाशे दाखवू लागले. शक्य तिथे ते आदल्या दिवशी लहान आकारात पाठवत, आणि तासाला रेघ न् रेघ शब्दांत सांगत. "कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघा. उतार तुमच्याकडे येतो आहे." आमची मुलं त्याला 'रेडिओचा तास' म्हणत आणि जांभया देत. मी कधी कधी दारात उभा राहून ऐकत असे. इतकं स्वच्छ मराठी मी फार थोड्या पुस्तकांत वाचलं आहे. तास मात्र आता तुटत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत सर गावी गेले आणि तिथेच हृदयविकाराने वारले. बातमी मला बसस्टँडवर कळली. मी घरी परतलो आणि दिवसभर काही वाचलं नाही.

सुट्टी संपली. सरांची जागा लवकर भरली जाणार नव्हती, हे सर्वांना ठाऊक होतं. डोंगर वगळायचा प्रश्नच उरला नव्हता. तासच उरला नव्हता. त्या आठवड्यात ग्रंथालयात मीराचा फोन आला.

"सरांचे नकाशे तुमच्याकडे ठेवलेले असतील ना?"

"आहेत. पाठवू का?"

"पाठवा. आणि प्राचार्यांना विचाराल का? सांख्यिकीचा तास मी घेते. सगळ्यांचा."

मी प्राचार्यांकडे जाऊन तिचं म्हणणं सांगितलं. "म्हणजे तिथून इथे?"

"हो. तिथून इथे."

चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "घेऊ द्या."

पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो. पडदा कोरा होता. पलीकडे कुठे तरी कोंबडा आरवला, तशी मुलं हसली. मग मीराचा आवाज आला. "सर सहसंबंधापर्यंत आले होते. आपण तिथून पुढे जाऊ. उदाहरण आमच्या झऱ्यांचं घेते. हा नकाशा अजून तयार झालेला नाय, म्हणून तुम्हाला पाठवता आला नाही. तोंडानेच सांगते."

देवळालीच्या त्या मुलाने विचारलं, "मॅडम, झरा डोंगराच्या कोणत्या अंगाला?"

ती सांगू लागली. मुलांनी कोरे कागद पुढे ओढले आणि ऐकत ऐकत डोंगर काढायला घेतला.