भाऊजी आणि लढाईची खरी पुस्तकं

दुखणं कुठलंही असो, भांडण कुणाचंही असो, लग्न, मुंज, बारसं काहीही असो, त्यावर लढाईचं एक पुस्तक असतंच आणि ते या क्षणी आपल्या खांद्यावरच्या पिशवीत आहे, अशी ठाम खात्री असलेला माणूस अख्ख्या मध्य प्रदेशात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला दीर आहे. भाऊजी भोपाळच्या टोकाला, मिसरोदला एकटे राहतात. लग्न केलं नाही. केलं असतं तरी बायको बसली कुठे असती, हा प्रश्नच आहे. खुर्च्यांवर पुस्तकं, अर्ध्या पलंगावर पुस्तकं, आणि एकदा मी कौतुकाने त्यांच्यासाठी मेथी निवडून नेली, ती ठेवायला फ्रिज उघडला, तर भाजीच्या खणात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दोन जाडजूड ग्रंथ. "थंडीत ठेवलं की कीड मरते," भाऊजी म्हणाले. मेथी बाहेरच राहिली आणि संध्याकाळपर्यंत सुकून गेली.

माणूस स्वभावाने इतका गरीब की मांजर अंगावर आलं तर त्यालाही 'अहो' म्हणेल. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली. बंदूक पाहिली ती बँकेच्या दारात बसणाऱ्या गार्डच्या हातात, आणि तीही रस्त्याच्या पलीकडून. दिवाळीत फटाके सुरू झाले की कानांत कापूस घालून आमच्या आतल्या खोलीत जाऊन बसतात, खिडकी बंद, पडदा ओढलेला. आणि मांडीवर काय? तर तोफांच्या माऱ्याखाली अडकलेल्या एका पलटणीची हकीकत! मी फराळाचं ताट घेऊन आत गेले की कापूस न काढताच ओरडून सांगतात, "सुनंदा, यांना तर महिनाभर झोप नाही गं!" अहो, पण तुम्ही खाऊन घ्या ना.

बरं, पुस्तक खऱ्या घटनेवरचंच हवं. कादंबरी म्हटली की भाऊजींचा चेहरा आंबट होतो. खरं-खोटं ओळखायची त्यांची रीतही त्यांचीच. "ज्या पुस्तकात सैनिकाचे मोजे ओले होत नाहीत," ते म्हणतात, "ते पुस्तक घरी पंख्याखाली बसून लिहिलेलं आहे." लेखक कोण, बक्षीस कुठलं मिळालं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पहिल्या काही पानांत पायांची हालत आणि जेवणाची बोंब आली नाही, तर ते पुस्तक मिटून बाजूला ठेवतात.

वाईट एवढंच की भाऊजी स्वतः वाचून गप्प बसत नाहीत. इंदूरला माझ्या भाच्याचं लग्न होतं. लोक मिक्सर देत होते, पाकिटं देत होते. भाऊजींनी स्टेजवर जाऊन नवऱ्यामुलीच्या हातात एका वेढ्याची हकीकत ठेवली. उपासमार, रोगराई, आपसांतली भांडणं, सगळं त्यात. "संसाराला फार उपयोगी पडेल," असा वर आशीर्वाद. विहीणबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरले नाही. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तर भाऊजी फळांऐवजी एका लष्करी डॉक्टरची आत्मकथा घेऊन हॉस्पिटलात हजर. त्यात कंदिलाच्या उजेडात, भूल न देता पाय कापतात. गृहस्थ दुसऱ्याच दिवशी हट्टाने घरी आले. भाऊजींना वाटलं, पुस्तकाने धीर आला. जवाहर चौकातल्या दातांच्या डॉक्टरकडे तर त्यांनी ताटकळणाऱ्या पेशंटांना बसल्या जागी इतकी पुस्तकं सुचवली की कंपाउंडर त्यांना नंबर नसतानाही आधी आत घ्यायला लागला.

शेजारच्या भाभीजींनाही सोडलं नाही. त्या बिचाऱ्या भिशीला निघालेल्या, साडी-बिडी नेसून. फाटकाशी गाठून भाऊजी आपल्या खास हिंदीत म्हणाले, "भाभीजी, ये जरूर वाचो. एकदम सत्य घटना है. आखिर तक किसी को गरम खाना नहीं मिलता."

"हाय राम," भाभीजी म्हणाल्या, "तो लिखा काहे को?"

भाऊजींना हा प्रश्न इतका आवडला की आठवडाभर जो भेटेल त्याला ते तो ऐकवत होते.

पुस्तक घेऊन गप्प बसायची सोय नाही. आठवड्याने, बरोबर जेवणाच्या वेळेला, भाऊजींचा फोन येतो: "कुठवर आलात?" कुणी शहाणपणा करून "झालं की वाचून!" म्हणालं, तर लगेच दुसरा प्रश्न: "मग पूल कोणी उडवला?" या पुलापायी आमच्या ओळखीतली निम्मी माणसं नाकी नऊ येऊन फोन उचलेनाशी झाली. गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमाला भाऊजी दारातून आत आले की पुस्तक परत न केलेली मंडळी कशी प्रसादाच्या रांगेच्या मागे सरकतात, ते बघण्यासारखं असतं.

हे सगळं मी हसून सोडून देत होते. कारण घरात एकच माणूस भाऊजींच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं द्यायचा, तो म्हणजे आमची लेक जुई. शाळेत होती तेव्हापासून रविवारी भाऊजींची स्कूटर फाटकात वाजली की ही पिशवी घ्यायला धावायची. मी म्हणायचे, वाचू दे, तेवढीच मोबाइलपासून लांब. कप्पाळ माझं! इंजिनिअर झाली, चांगली नोकरी लागली, आणि एका रविवारी सगळे पोहे खात बसलेलो असताना म्हणते कशी, "आई, मी आर्मीत ऑफिसर व्हायची परीक्षा दिली होती ना, पास झाले. आता मुलाखत." दिली होती ना, म्हणजे जसं काही मला विचारूनच दिली होती! आमच्या ह्यांनी, जुईच्या बाबांनी, पोह्यांची बशी बाजूला सारली. मी मात्र लेकीकडे पाहिलंच नाही. मी सरळ भाऊजींकडे वळले.

"हे तुमचं काम. तुम्ही घातलंत तिच्या डोक्यात, आता तुम्हीच काढा."

"अगं सुनंदा, लढाई किती वाईट असते हेच सांगणारी पुस्तकं दिली मी तिला," भाऊजी पांढरेफटक पडले होते. "एकातही मजा नाही गं."

"मग तिला कसं कळलं नाही?"

"तेच तर मला कळत नाहीये."

पण तिचं मन वळवायचा शब्द दिला आणि भाऊजी कामाला लागले. एकदा पेटले की ऐकणारा माणूस नव्हे. पुढच्या रविवारी पिशवीतून युद्धकैद्यांचे हाल निघाले. त्याच्या पुढच्या रविवारी बर्फाने बोटं झडलेली माणसं. मग सुरुंग. मी स्वयंपाकघरातून कान लावून असायचे. भाऊजी मुद्दाम भयंकर पानं मोठ्याने वाचायचे आणि वाचता वाचता स्वतःच पाणी मागायचे. पोरगी आपली गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकणार, आणि शेवटी विचारणार, "पण मोठे काका, यांना वेळेवर बूट का नाही पोचले? चूक किसकी थी?" भाऊजींचा चेहरा खुलायचा, दोघं नकाशा काढून बसायची, आणि माझी मोहीम तिथेच बारगळायची. शेवटी मीच म्हटलं, काहीतरी थाप मारा, मुलींना तिथे नुसतं ऑफिसात बसवतात म्हणून सांगा. तर भाऊजी ताठ बसले. "घाबरवायला सांगितलंस, घाबरवलं. खोटं मी सांगणार नाही."

मग मीच एकदा जुईला धरलं. म्हटलं, एवढं सगळं भयानक वाचून तुला जावंसं वाटतं तरी कसं? ती म्हणाली, "आई, त्या प्रत्येक पुस्तकात कुणीतरी एक असतो, जो बाकीच्यांना नीट घरी आणायचं बघतो. मला ते काम करायचंय. बस."

त्या मुलाखती आमच्या भोपाळातच होतात. देशभरातून मुलं येतात आणि बरीचशी हिरमुसून परत जातात, हे मी वर्षानुवर्षं ऐकलेलं. मला वाटलं, आपलीही येईल परत, तिचं घर तर काय, रिक्षाच्या अंतरावर आहे. आली ती बॅग खाली न ठेवताच नाचायला लागली. मग तिकडे दक्षिणेत ट्रेनिंग, आणि ते संपल्यावरची परेड. आम्ही तिघं गेलो होतो. भाऊजींनी कोट घातला होता. बँड वाजला तेव्हा मी आणि हे दोघंही रडलो, लपवण्यात काही अर्थ नाही. भाऊजींनी मात्र चहाच्या वेळी एका ब्रिगेडियरसाहेबांना गाठून पुस्तक सुचवलं. साहेबांनी ते वाचलेलं होतं. एवढंच नाही, पूल कोणी उडवला हेही त्यांना ठाऊक होतं! परतीच्या प्रवासात नागपूर येईपर्यंत भाऊजी तेवढंच सांगत होते.

आणि मग पोस्टिंग आलं. वर, बर्फात, सीमेजवळ. नेमकं कुठे ते पोरगी फोनवर सांगत नाही आणि मी विचारत नाही. आमच्या ह्यांनी टीव्हीवर बातम्या लावायचं बंद केलं. मी एका रविवारी भाऊजींच्या पुढ्यात चहा ठेवला आणि म्हटलं, "मला एक पुस्तक द्या."

भाऊजींनी कप उचललाच नाही. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, दूधवाल्यापासून ब्रिगेडियरपर्यंत सगळ्यांना पुस्तकं वाटणाऱ्या या माणसाने, जुई पाळण्यात होती तेव्हापासून आजवर, मला एकही पुस्तक दिलेलं नाही.

"तुला नको," ते म्हणाले.

"का? मला वाचता येत नाही?"

"तसं नाही गं." त्यांनी टेबलक्लॉथवरचा शेवेचा चुरा बोटाने गोळा केला. "त्या पुस्तकांतल्या आया ना, शेवटच्या दोन-चार पानांतच येतात. दार वाजतं, आणि आई दार उघडते. ती पानं आली की मी स्वतः पुस्तक मिटतो. तुला कुठल्या तोंडाने देऊ?"

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. "म्हणजे मी डोळे मिटून बसू? ती तिथे पाय रोवून उभी राहणार, आणि ती कशात उभी आहे हे तिच्या आईला माहीत नको? घाबरायचंच आहे तर मी नीट माहिती करून घेऊन घाबरेन. तुम्ही देणार नसाल तर बाजारात जाऊन मिळेल ते आणीन. खोटं असलं तरी आणीन."

ही धमकी मात्र बरोबर लागली. भाऊजी चहा न पिताच उठले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "शोधतोय," आणि ठेवून दिला. आले ते भलत्याच दिवशी, भर दुपारी, स्कूटर सोडून रिक्षाने. दोन पोती भरून पुस्तकं. रिक्षावाल्याने एक आत आणलं, दुसरं भाऊजींनी स्वतः ओढत आणलं. मला हात लावू देईनात. एकेक काढून जेवणाच्या टेबलावर रचत गेले, आणि रचून झाल्यावर धापा टाकत म्हणाले, "ही सगळी परत आलेल्यांची आहेत."

"म्हणजे काय?"

"अगं, ज्याने त्याने स्वतः लिहिलंय. लढला, घरी आला, टेबलाशी बसला आणि लिहिलं. घरी आल्याशिवाय कोण लिहिणार? बघ ना. किती आहेत बघ!"

मी पाहिलं. आमचं सहा जणांचं टेबल भरून गेलं होतं. पुस्तकं उलटी करून पाहिली तर मागे लेखकांचे फोटो. टक्कल पडलेले, जाड चष्म्यांचे, खांदे पडलेले म्हातारेच म्हातारे. एक तर बागेत पाइप धरून झाडांना पाणी घालत होता, अंगात नुसता बनियन. एका बाईंच्या मांडीवर नातू होता. इतके म्हातारे बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! बाकीची पुस्तकं, मेलेल्यांविषयी दुसऱ्यांनी लिहिलेली, भाऊजी मिसरोदलाच ठेवून आले होते. त्यासाठी त्यांनी सगळं घर उपसलं असणार.

जे परत आले नाहीत त्यांना लिहायला मिळालं नाही, एवढं मलाही कळतं. जन्मभर नकाशे काढणाऱ्या माणसाला ते कळत नसेल? पण भाऊजी ते बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. मी वरचं पुस्तक उचललं आणि त्यांना म्हटलं, बसा, जेवल्याशिवाय जायचं नाही.

तेव्हापासून दुपारची कामं आवरली की मी वाचते. थांबत थांबत वाचते, काही पानांवर उठून अंगणात फेरी मारून येते, पण सोडत नाही. गेल्या रविवारी जुईचा फोन आला. आवाज मधेमधे तुटत होता. "आई, सब ठीक है. टेन्शन मत ले. मस्त आहे मी."

"जुई, ऐक," मी म्हटलं. "रोज थोडं लिहून ठेवत जा."

"काय लिहू?"

"काहीही. दिवसभरात काय झालं, कोण काय बोललं."

"अगं, इथे टाइम कहाँ है! आणि लिहून करू काय?"

भाऊजी समोरच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हातातलं पुस्तक वाचायचं थांबवलं होतं.

"ते मला विचारू नकोस," मी म्हटलं. "दोनच ओळी लिही, पण लिही. बाकीचं सगळं घरी येऊन लिहायचं आहे."